नोकरी करणाऱ्या एकट्या आईला पाळणाघराच्या खर्चासाठी सरकारी मदत मिळते का?

रानजाई:

नमस्कार सगळ्यांना. इथे नेहमी वाचते, लिहितेय पहिल्यांदाच. मी चाकण एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीला आहे, हातात २४ हजार येतात. मुलगा अडीच वर्षांचा. मी आणि नवरा वेगळे राहतो त्याला वर्ष होऊन गेलं, घटस्फोट झालेला नाही, केसही अजून टाकलेली नाही, तो पैसे देत नाही आणि मुलाची साधी चौकशीही करत नाही. मोशीत एक रूम घेऊन राहते, भाडं ७ हजार. पाळणाघराचे साडेसहा हजार, शिवाय दूध आणि दोन वेळचा खाऊ घरून द्यायचा. संध्याकाळी सात वाजून गेले की मावशी वहीत वेळ लिहितात आणि दर अर्ध्या तासाला ५० रुपये जास्तीचे लागतात. मावशींना मी दोष देत नाही, त्यांनाही घर आहे, पण कंपनीची बस नाशिक हायवेला अडकली की माझ्या हातात काहीच नसतं. भाडं आणि पाळणाघर गेलं की साडेदहा हजार उरतात, त्यात किराणा, गॅस, औषधं, गावी थोडे पाठवायचे, आणि मुलगा आजारी पडला की त्या दिवसाचा पगार कट.

आता सेकंड शिफ्ट लावायचं चाललंय, तसं झालं तर रात्री साडेअकराला सुटणार आणि तेवढा वेळ मुलाला ठेवणारं एकही पाळणाघर मला सापडलेलं नाही.

एचआरला विचारलं की कंपनीत क्रेश म्हणजे पाळणाघर का नाही, तर म्हणाले ३० बायका असतील तरच कायदा लागू होतो, आपल्याकडे १८ च आहेत. एकूण माणसं दोनशेच्या वर आहेत. हे खरं आहे का?

दुसरं म्हणजे आमच्या गल्लीतल्या अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या की बालसंगोपन म्हणून योजना आहे, एकट्या आईच्या मुलाला महिन्याला पैसे मिळतात. नेटवर बघितलं तर प्रत्येक ठिकाणी वेगळा आकडा. घटस्फोटाचा कागद लागतोच का? लाडकी बहीणचे १५०० मला येतात, मग ते बंद होतील का? कोणाला स्वतःचा अनुभव असेल तर प्लीज सविस्तर सांगा. नवऱ्याकडे परत जा, जुळवून घे हे सल्ले नकोत, त्यावर माझा विचार करून झालाय.


कृष्णाकाठ:

रानजाई, आधी स्पष्ट सांगते म्हणजे तुझा शोधायचा वेळ वाचेल. पाळणाघराची पावती दाखवा आणि पैसे परत घ्या अशी सरकारी योजना आपल्याकडे खासगी नोकरीवाल्यांसाठी नाही. जे आहे ते मुलाच्या नावाने ठरावीक रक्कम, किंवा सरकारी पाळणाघर, किंवा कंपनीवर टाकलेली जबाबदारी. या तिन्हीचे दरवाजे वेगळे आहेत म्हणून लोक गोंधळतात.

बालसंगोपन मला माहीत आहे कारण माझ्या दोन्ही मुलींना चालू आहे. मिस्टर गेले तेव्हा धाकटी पहिलीत होती. योजनेचं आत्ताचं पूर्ण नाव क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना, महिला व बालविकास विभागाची. आधी महिना ११०० मिळायचे, २०२३ मध्ये २२५० केले, एका मुलाला. नेटवर वेगवेगळे आकडे दिसतात ते यामुळेच, जुनी पानं तशीच पडलेली आहेत. वय ० ते १८. आणि ही फक्त अनाथ मुलांसाठी आहे असं बरेच जण समजतात, तसं नाही. आई किंवा वडील यांच्यापैकी एक वारलेला, घटस्फोट, आईवडील विभक्त, एकाने सोडून दिलेलं, अविवाहित आई, पालकाला गंभीर आजार, पालक तुरुंगात, अशी सगळी मुलं यात येतात. म्हणजे तुझा मुलगा बसतो.

अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याच्या ऑफिसात, तिथेच जिल्हा बाल संरक्षण कक्ष असतो. मंजुरी मात्र बालकल्याण समिती देते, मुलाला घेऊन त्यांच्यापुढे हजर व्हावं लागतं. त्याआधी घरी चौकशीला माणूस येतो. आमच्याकडे ज्या मॅडम आल्या त्यांनी स्वयंपाकघरात डोकावून बघितलं, मुलींच्या वह्या मागितल्या, थोरलीला बाजूला घेऊन विचारलं की आई घरी नसते तेव्हा तू कोणाकडे असतेस. शेजारच्या काकूंशीही बोलल्या. घाबरायचं काही नसतं, मूल खरंच तुझ्याजवळ राहतं का आणि नीट आहे का एवढंच बघतात. घरासमोर मुलासोबत उभं राहून काढलेला मोठा फोटो लागतो, तो आधीच काढून ठेव.

कागद माझ्याकडून हे घेतले: मुलींचे आणि माझं आधार, जन्मदाखले, मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासी पुरावा, शाळेचं बोनाफाईड, मुलींचं बँक पासबुक. तुझा मुलगा लहान आहे तर बोनाफाईडच्या जागी अंगणवाडीत नाव असल्याचा दाखला घे. मुलाचं खातं आजच उघडून टाक, आधारला लिंक करून, त्यातच लोकांचे महिने जातात.

आता जे मनाला लागतं ते पण सांगते. पैसे दर महिन्याला येतील या हिशोबावर पाळणाघर ठरवू नकोस. आमच्या जिल्ह्यात कित्येक महिने काही येत नाही आणि मग एकदम जमा होतात. मुलाच्या पोटाचे पैसे असे थकवून ठेवणं मला अजिबात पटत नाही आणि मी प्रत्येक वेळी लेखी विचारते. पण येतात, बुडत नाहीत. मी ते शाळेच्या फीला आणि पावसाळ्याआधीच्या खरेदीला धरते.

विधवा बायका हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी एक. नवऱ्याचा पीएफ कापला जात होता का ते नक्की बघा. पीएफमध्ये जे पेन्शन असतं त्यात बायकोला तर मिळतंच पण मुलांना वेगळं मिळतं, विधवा पेन्शनच्या २५ टक्के, कमीत कमी २५० रुपये, एकावेळी दोन मुलांना, २५ वर्षांचे होईपर्यंत. रक्कम छोटी आहे पण दर महिन्याला येते. आम्हाला हे पीएफ ऑफिसमधल्या एका भल्या माणसाने आपणहून सांगितलं.


सह्याद्री_७२:

ताई एवढी ओढाताण करण्यापेक्षा मुलाला दोन तीन वर्षं गावी आजीकडे का ठेवत नाही? आमच्याकडे सगळे असेच वाढले. पाळणाघरात मूल ठेवण्यापेक्षा आजी कधीही बरी.


रानजाई:

दादा, आईकडे वडील अंथरुणाला खिळून आहेत, ती एकटी त्यांचं सगळं करते, तिच्यावर अजून एक जीव कसा टाकू. आणि मुलगा माझ्याजवळच राहणार आहे.

कृष्णाकाठ ताई, खूप खूप आभार, इतकं नीट कोणीच सांगितलं नव्हतं. मृत्यूच्या दाखल्याच्या जागी माझ्याकडे काय लागेल तेच कळत नाहीये.


वकीलकाकू:

रानजाई, क्रेशचं आधी घेते कारण तुझ्या एचआरने जे सांगितलं ते चूक आहे आणि हीच गोष्ट शंभर कंपन्यांत बायकांना सांगितली जाते.

३० बायकांचा आकडा १९४८ च्या कारखाने कायद्यातला होता, कलम ४८. तिथे ३० पेक्षा जास्त स्त्री कामगार असतील तर पाळणाघर असं लिहिलं होतं. पण १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ ला दुरुस्ती झाली आणि कलम ११अ आलं, ते १ जुलै २०१७ पासून लागू झालं. त्यात आकडा ५० कर्मचारी होता, आणि ते कर्मचारी म्हणजे बायका नाहीत, सगळे मिळून, पुरुष धरून. तुमच्याकडे दोनशे आहेत म्हणजे प्रश्नच नाही. नंतर २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्यातही ५० चाच आकडा आहे. म्हणजे एचआर जुना कायदा म्हणो की नवीन, उत्तर तेच.

अजून दोन गोष्टी त्याच कलमात आहेत. आईला दिवसातून चार वेळा क्रेशमध्ये जाऊन मुलाला बघायची मुभा, त्यात तिची विश्रांतीची सुट्टी धरलेली आहे. आणि नोकरीला लागतानाच प्रत्येक बाईला ही सोय लेखी कळवायची जबाबदारी कंपनीची. तुला जॉइनिंगच्या वेळी असं काही दिलं होतं का ते फाईलमध्ये बघ.

केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २०१८ मध्ये क्रेश कसं असावं याची किमान मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात ६ महिने ते ६ वर्षांची मुलं, कामाच्या जागी किंवा ५०० मीटरच्या आत, आणि कॉन्ट्रॅक्टवरच्या, रोजंदारीवरच्या लोकांच्या मुलांनाही ही सोय असावी असं म्हटलंय. कंपनीने स्वतःची इमारतच बांधली पाहिजे असं काही नाही. शेजारच्या तीन चार कंपन्यांनी मिळून एक चालवलं तरी चालतं, किंवा बाहेरच्या पाळणाघराशी करार केला तरी. चाकणसारख्या ठिकाणी खरं तर हाच मार्ग सोपा आहे, एका प्लॉटवर भिंतीला भिंत लागून कंपन्या आहेत. क्रेशचा खर्च पूर्ण कंपनीने करायचा की आईकडून काही घ्यायचं हे मात्र २०१७ च्या दुरुस्तीत स्पष्ट लिहिलेलं नाही, तिथे कंपन्या पळवाट काढतात. म्हणून अर्ज करताना फक्त क्रेश काढा असं न लिहिता, क्रेश होईपर्यंत पाळणाघराचा खर्च द्यावा असंही लिही. बऱ्याच मोठ्या कंपन्या तसे देतात.

एकटीने अर्ज करू नकोस, १८ जणींपैकी ज्यांना लहान मुलं आहेत त्या सगळ्यांची सही घे, आणि ज्यांच्या बायका नोकरी करतात त्या पुरुषांनाही विचार. ईमेल कर, तोंडी बोलू नकोस. उत्तर आलं नाही तर कामगार आयुक्त कार्यालय, कारखान्याचं असेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे तक्रार करता येते.

शिफ्टचंही त्याच ईमेलमध्ये वेगळ्या परिच्छेदात लिही, की मूल अडीच वर्षांचं, घरात दुसरं कोणी मोठं माणूस नाही, जनरल किंवा फर्स्ट शिफ्ट द्यावी. कायद्याने ते देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे असं मी म्हणणार नाही, पण लेखी विनंती केलेली असली की उद्या गैरहजेरीवरून नोटीस आली तर हाच कागद कामाला येतो.

आता नवऱ्याचं. तू म्हणतेस केस टाकलेली नाही. तुझा राग मला कळतो, त्याच्याकडून काही नको असं वाटतं. पण पोटगी तू तुझ्यासाठी मागत नाहीयेस, मुलाचा खर्च हा मुलाचा हक्क आहे. पाळणाघराचे साडेसहा हजार हा तर सरळ पुराव्याचा खर्च, पावत्या ठेव, ती मावशींची वही पण. पूर्वी फौजदारी संहितेचं कलम १२५ होतं ते १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झालं. घटस्फोटाची गरज नाही. अंतरिम पोटगीचा अर्ज समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढायचा असं त्यात लिहिलंय, प्रत्यक्षात जास्त लागतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या निकालात सांगितलंय की दोघांनीही आपलं उत्पन्न, मालमत्ता प्रतिज्ञापत्रावर द्यायची आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची. म्हणून जितका उशीर करशील तितके महिने मुलाचे जातील.

वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नकोस. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२, स्त्रीला मोफत वकील मिळतो आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. पगार २४ हजार असो की ८० हजार. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तिथे साधा अर्ज द्यायचा.


उंबराची_सावली:

मी बालविकास प्रकल्पात काम करते, कुठे ते लिहीत नाही. पाळणाघराबद्दल सांगते. केंद्राची राष्ट्रीय पाळणाघर योजना होती ती १ एप्रिल २०२२ पासून मिशन शक्ती या केंद्राच्या महिलांसाठीच्या योजनेत पाळणा या नावाने आली. ६ महिने ते ६ वर्षांची मुलं, साधारण साडेसात तास, महिन्याला २६ दिवस, जेवण, झोप, वाढीची तपासणी, लसीकरणावर लक्ष, सगळं असतं. आता अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर काढायचं असं धोरण आहे, त्याला अंगणवाडी सह पाळणाघर म्हणतात, एका पाळणाघरात २५ मुलं धरलेली आहेत आणि एक सेविका एक मदतनीस. आई नोकरी करते की नाही, कसली नोकरी करते यावर प्रवेश अडवायचा नाही.

अडचण अशी की हे सगळीकडे नाहीत, आणि साडेसात तासांत एमआयडीसीची शिफ्ट अधिक प्रवास बसत नाही, हे मला रोज दिसतं. आमच्याकडे बांधकामावरच्या, घरकाम करणाऱ्या बायका जास्त येतात कारण त्यांची कामं जवळपास असतात. तरी तुमच्या भागात आहे का ते बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याच्या ऑफिसात विचारा, मोशीसारख्या शहरी भागासाठी नागरी प्रकल्प असतो, अंगणवाडीच्या ताईंनाच विचारलंत तर त्या पत्ता देतील. नसेल तर तुमच्यासारख्या दहा पंधरा आयांच्या सहीने मागणीचं पत्र द्या. पत्रं आली तर वर पाठवायला आमच्या हातात काहीतरी असतं, नाहीतर वरून विचारतात मागणी कुठे आहे.

मुलगा तीन वर्षांचा झाला की अंगणवाडीत बसायला लागेल, सकाळी गरम खाऊ आणि शिकवणं तिथे होईल. काही पाळणाघरवाल्या मावशी अंगणवाडीतून मूल आणतात आणि मग अर्ध्या दिवसाचे पैसे घेतात, त्यांच्याशी बोलून बघा. आत्तासुद्धा त्याचं नाव अंगणवाडीत नोंदवलेलं नसेल तर नोंदवा, तीन वर्षांच्या आतल्या मुलाला घरी न्यायचा आहार मिळतो.


माळरान:

ताईंच्या धाग्यात मध्येच लिहितो, पण एकट्या आईबरोबर एकटे वडीलही आहेत म्हणून. मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक, बायको आजारात गेली, मुलगी आता सात वर्षांची. बालसंगोपन वडिलांनाही मिळतं, आई वारलेली असेल तर. माझ्या ओळखीचे रिक्षावाले एक आहेत त्यांना वाटायचं ही फक्त बायकांची योजना, त्यांचा अर्ज मीच भरून दिला.

सरकारी नोकरीत असाल तर बालसंगोपन रजा नावाची वेगळी गोष्ट आहे, योजनेशी तिचा संबंध नाही. राज्यात २०१८ पासून महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवस पूर्ण सेवेत, मूल १८ वर्षांचं होईपर्यंत, आणि ज्याची पत्नी हयात नाही अशा पुरुषालाही. मुलीला डेंग्यू झाला तेव्हा याच रजेने मला तारलं. केंद्र सरकारच्या नोकरीत हीच रजा ७३० दिवस आहे आणि एकट्या वडिलांनाही मिळते, शिवाय मुलांच्या शिक्षणाचा भत्ता. खासगीवाल्यांना यातलं काही नाही आणि हे मला फार अन्यायाचं वाटतं. चाकणच्या शेडमधल्या आईचं मूल काय कमी आजारी पडतं का? रजेची खरी गरज तिलाच, कारण तिचा पगार कट होतो.


दवबिंदू:

रूमचं भाडं ७ हजार बघून लिहावंसं वाटलं. सखी निवास बघितलंस का? नोकरी करणाऱ्या महिलांचं वसतिगृह, तेही मिशन शक्तीमध्येच. त्यात मूल सोबत ठेवता येतं, मुलगी १८ वर्षांपर्यंत आणि मुलगा १२ वर्षांपर्यंत. विभक्त, घटस्फोटित, विधवा सगळ्यांना चालतं. पगाराची मर्यादा मोठ्या शहरात महिना ५० हजार आणि इतर ठिकाणी ३५ हजार, तू दोन्हीत बसतेस. भाडं पगाराच्या टक्क्यात धरतात, एकटीच्या खोलीला १५ टक्क्यांपेक्षा जास्त नाही, दोघींच्या खोलीला १० टक्के. तुझ्या पगारावर १५ टक्के म्हणजे ३६०० च्या आसपास. जागा मिळणं अवघड असतं आणि सगळीकडे मुलांची सोय चालू नसते, त्यामुळे आधी फोन करून विचार. पण ज्या ठिकाणी डे केअर जोडलेलं आहे तिथे जागा मिळाली तर भाडं आणि पाळणाघर दोन्ही प्रश्न एकदम हलके होतात.


सुगरण_पुणे:

संजय गांधी निराधारचं कोणी बोललं नाही? त्यात परित्यक्ता महिला आहेत ना, १५०० महिना.


कृष्णाकाठ:

@सुगरण_पुणे आहेत, पण त्याची उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१ हजार आहे. वर्षाला, महिन्याला नाही. म्हणजे महिन्याला दोन हजारसुद्धा कमवायचे नाहीत. नोकरी करणारी कुठलीच बाई त्यात बसत नाही. आणि ते घेतलं तर लाडकी बहीणचे १५०० मिळत नाहीत, दोन्ही एकदम नसतात.

तसंच एक मिशन वात्सल्य या केंद्राच्या मुलांसाठीच्या योजनेतलं प्रायोजकत्व आहे, ४००० रुपये महिना मुलाला, त्यात विधवा, घटस्फोटित आणि कुटुंबाने सोडलेल्या आईची मुलं येतात. रक्कम जास्त म्हणून सगळे तेच मागतात, पण उत्पन्न ग्रामीण भागात वर्षाला ७२ हजार आणि शहरात ९६ हजारच्या आत लागतं. रानजाईचं पावणेतीन, तीन लाखाच्या घरात जाणार. म्हणून तिच्यासाठी बालसंगोपनच. ज्यांचं उत्पन्न ९६ हजारच्या आत आहे, घरकाम, शिवणकाम, पोळ्या करणाऱ्या, त्यांनी आधी वात्सल्यचं विचारा. एका मुलाला दोन्ही मिळत नाहीत, एक निवडावं लागतं.

मला याचा खरंच संताप येतो. बाईने काम केलं नाही तर निराधार, काम केलं तर सगळ्यातून बाद. आठ हजार मिळवणारी आणि चोवीस हजार मिळवणारी, दोघींचं पाळणाघर साडेसहा हजारच असतं.


रानजाई:

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. वाचून अर्धा धीर आला. दोन गोष्टी झाल्यात.

एचआरला ईमेल केली, आम्ही सातजणींनी सह्या केल्या आणि पॅकिंगमधल्या दोन दादांनीपण केल्या. कलम ११अ आणि ५० चा आकडा लिहिला. साहेबांनी बोलावून विचारलं की हे कोणी सांगितलं, पण चिडले नाहीत, म्हणाले प्लांट हेडकडे पाठवतो. सेकंड शिफ्ट सध्या मला लावणार नाही असं सुपरवायझर तोंडी म्हणालेत, ते मी तुम्ही म्हणालात तसं ईमेलवर लिहून परत पाठवलं, की आपलं असं बोलणं झालं.

बालसंगोपनचं विचारायला गेले तर टेबलावरच्या माणसाने घटस्फोटाची डिक्री, म्हणजे कोर्टाचा हुकूम, आणा मग बघू म्हणून परत पाठवलं, फॉर्मसुद्धा दिला नाही. एक दिवसाचा पगार गेला. विभक्त असेल तरी चालतं ना मग मी काय दाखवू?


वकीलकाकू:

डिक्री फक्त घटस्फोट झालेल्यांची. विभक्त आणि सोडून दिलेल्या आईचं मूल वेगळ्या गटात येतं, हे त्या माणसाला शांतपणे सांग, योजनेच्या शासन निर्णयाची प्रिंट सोबत ने आणि त्या ओळीवर पेनाने खूण करून दाखव. बहुतेक वेळा तेवढ्याने गाडी पुढे सरकते.

तुझ्याकडे पुरावा म्हणून मी हे जमवीन. वेगळं राहत असल्याचं स्वयंघोषणापत्र, कधीपासून आणि मूल कोणाकडे आहे ते लिहून. तू राहतेस तिथल्या दोन शेजाऱ्यांचे जबाब, आधारच्या झेरॉक्ससकट. पाळणाघराच्या पावत्या, त्यावर पालक म्हणून फक्त तुझं नाव असेल तर फारच चांगलं. मुलाचे दवाखान्याचे कागद, ज्यात सोबत तू आहेस. आणि पोटगीचा अर्ज दाखल कर, कारण कोर्टाचा केस नंबर आणि अर्जाची प्रत हा विभक्त असल्याचा सगळ्यात भक्कम कागद, त्यापुढे कोणी डिक्री मागत बसत नाही. विधी सेवा प्राधिकरणात गेलीस तर एका फेरीत वकील आणि हा कागद दोन्हीची सुरुवात होईल.

टेबलावर फॉर्म देत नसतील तर साध्या कागदावर अर्ज लिही, आवक विभागात दे आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घे. तरी घेतला नाही तर बालकल्याण समितीची बैठक कोणत्या वारी असते ते विचार आणि मुलाला घेऊन थेट समितीपुढे जा, समितीकडे जायला कोणाची परवानगी लागत नाही. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करूनही जिल्हा बाल संरक्षण कक्षाशी जोडून मागता येतं.


कृष्णाकाठ:

आणि रजा वाया जाऊ नये म्हणून निघायच्या आधी फोन करून साहेब आहेत का विचार, महिनाअखेरीला मीटिंगा असतात.


रानजाई:

काकू, ताई, मी सगळं लिहून घेतलं. एकच राहिलं. रहिवासी पुराव्याला भाडेकरार मागतील ना, आमच्या मालकांनी करार केलाच नाहीये, लाईट बिल त्यांच्याच नावावर आहे, आणि माझ्या आधारवर अजून सासरचा पत्ता आहे.


उंबराची_सावली:

आधारचा पत्ता आधी बदलून घ्या, नाहीतर सासरच्या पत्त्यामुळे गृहचौकशी दुसऱ्याच भागाकडे जाईल आणि अर्ज महिनोन्‌महिने फिरत राहील. मालकांना घाबरवू नका, त्यांना फक्त एवढंच सांगा की लाईट बिलाची झेरॉक्स आणि ही बाई मुलासह माझ्या खोलीत राहते असं सहीचं पत्र हवंय. आमच्या भागात हे दोन कागद आणि अंगणवाडीच्या सर्वेक्षणात तुमचं नाव असल्याचं सेविकेचं पत्र दिलं की काम होतं. तुमच्या अंगणवाडीच्या ताईंनी घरोघर जाऊन नोंद केलेली असणार, रजिस्टरमध्ये तुमचं आणि बाळाचं नाव आहे का ते उद्याच बघून घ्या, नसेल तर त्याच दिवशी घालून घ्या.